अंतराळात किराणा दुकान टाकाल का?

स्पेसशिपवाला गेम म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? लेझर गन, धूमधडाका, तीन डोळ्यांचे व्हिलन आणि रात्री दोन वाजता हेडफोन लावून बोंबलणारा रूममेट. ‘प्रॉस्परस युनिव्हर्स’मध्ये यातलं काही म्हणजे काही नाही. एक गोळी सुटत नाही. स्क्रीनवर नुसते काळे चौकोन आणि त्यात आकडे. बाजारभाव, गोडाऊनमधला स्टॉक, कोणत्या ग्रहावर कोणतं जहाज किती वाजता पोचणार त्याचं टाइमटेबल. थोडक्यात, मार्केट यार्डातल्या आडत्याची गादी, फक्त ती पृथ्वीवरून उचलून अंतराळात नेऊन ठेवलेली.

जर्मनीतल्या सिम्युलॉजिक्स या कंपनीचा हा गेम. (याआधी त्यांनी ‘एअरलाइनसिम’ काढला होता. त्यात विमान कंपनी चालवायची असते. म्हणजे मंडळींना हिशोबाचंच वेड!) ब्राउझरमध्ये चालतो, फुकटात सुरू करता येतो आणि रिअल टाइममध्ये चालतो. कारखान्यात टाकलेली ऑर्डर खरोखरच काही तासांनी तयार होते, जहाजही तासन् तास प्रवास करतं. सकाळी कंपनीची बस पकडण्याआधी दहा मिनिटं, रात्री जेवणानंतर दहा मिनिटं. मधल्या वेळात तुम्ही गुपचूप आपापल्या क्यूबिकलमध्ये काम करायचं. अशा गेमला वेळखाऊ तरी कसं म्हणायचं?

गोची होते ती पहिल्याच स्क्रीनवर. कंपनीला झकास नाव देऊन झालं की गेम विचारतो, बोला, धंदा कोणता करणार? समोर यादी. व्हिक्चुअलर, म्हणजे अन्नपाणी पुरवणारा. कार्बन फार्मर. मेटलर्जिस्ट. कन्स्ट्रक्टर. मॅन्युफॅक्चरर. फ्युएल इंजिनीअर. जे निवडाल त्याप्रमाणे सुरुवातीचं पॅकेज मिळतं. हे पॅकेज म्हणजे वर्षाला अमुक लाख नव्हे! धंद्याला लागणारी यंत्रं, थोडा कच्चा माल, थोडी रोकड. शिवाय प्रत्येकी ५०० टन माल वाहणारी दोन जहाजं. पुढे तुमचं नशीब.

आपली माणसं इथं काय करत असतील हे सांगायला ज्योतिषी नको. इंजिनीअर! नावातच आहे ना! घरच्यांना सांगायलाही बरं. आणि ज्याला इंजिनीअरिंगचा वीट आलाय तो मेटलर्जिस्ट होतो, कारण भट्ट्या, धातू, लालबुंद रस... एकदम हेवी ड्यूटी वाटतं. अन्नपाणीवाल्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. एवढं अंतराळात जायचं आणि तिथे जाऊन काय, तर शिधा विकायचा?

हो. तोच विकायचा. कसं ते बघू.

या गेममध्ये दुकानातला माल कॉम्प्युटर बनवत नाही. प्रत्येक कारखाना कुणा ना कुणा खेळाडूचा असतो आणि प्रत्येक कारखान्यात कामगार असतात. कामगार म्हटलं की त्यांना जेवण आलं. सर्वांत खालच्या पातळीवरच्या १०० कामगारांना दिवसाला ४ युनिट पाणी आणि ४ युनिट शिधा लागतो. अंगावरचे ओव्हरॉल मात्र दिवसाला अर्धं युनिट. कॉफीही अर्धं युनिट, आणि तीसुद्धा चैन म्हणून. पाणी आणि शिधा संपला की कामगार ढेपाळतात, उत्पादन बसतं. याला खेळाडू ‘बर्न’ म्हणतात, म्हणजे चूल रोज जाळते ते. आता डोकं लावा. लोखंड रोज कुणाला लागतं? नवं काही उभारायचं असेल किंवा जुनं दुरुस्त करायचं असेल त्याला. शिधा रोज कुणाला लागतो? झाडून सगळ्यांना. जो तुमच्यापेक्षा शंभरपट श्रीमंत आहे त्यालाही, आणि जो काल सकाळी खेळायला लागला त्यालाही.

नगरच्या माणसाला हा फंडा वेगळा समजावून सांगावा लागत नाही. (जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं. पण ‘नगर’ जुन्यातही होतं आणि नव्यातही आहे, त्यामुळे आपलं ‘नगरला चाललोय’ अबाधित.) घरी दोन एकर कांदा आणि गोठ्यात चार गाई असतील तर विचारा वडिलांना, घर कशावर चालतं. कांद्यानं घराला स्लॅब पडतो, कधी ट्रॅक्टर येतो, कधी सगळंच बुडतं. पण वाण्याची उधारी, धाकट्याची फी, एसटीचा पास हे सगळं दुधाच्या पगारातून भागतं. डेअरीकडून ठरावीक दिवसांनी येणाऱ्या पैशाला गावोगाव ‘पगार’ म्हणतात, ते उगाच नाही.

तर व्हिक्चुअलर म्हणजे दुधाचा धंदा. रेट पडेल, खवळून संप करावासा वाटेल, पण गिऱ्हाईक संपणार नाही. त्रास आहेच. शिधा बनवायला एकच पीक पुरत नाही, धान्य लागतं, शेंगा लागतात, कवचाची फळं लागतात. शेतीला पाणी वेगळं आणि पिण्याचं पाणी शुद्ध करायचं ते वेगळं. शिवाय तुमच्यासारखाच विचार केलेले आणखी शेकडो जण बाजारात उभे असतात, त्यामुळे युनिटमागे सुटणारे पैसे चिल्लरच. वर्षभरात तुम्ही गॅलक्सीचे अंबानी होणार नाही. पण पहिल्या महिन्यात उपाशीही मरणार नाही, कारण स्वतःच्या कामगारांचं जेवण स्वतःच्याच कोठारातून निघतं. नवख्यांची कंपनी बुडते ती बहुतेकदा इथेच. माल बनवला, विकला नाही, आणि तोवर कामगारांना खायला घालायला खिशात पैसे नाहीत.

बाकीच्या धंद्यांवरून भरभर नजर टाकू. कन्स्ट्रक्टर इमारतींचे तयार भाग बनवतो. तो हायवेलगतचा हार्डवेअरवाला. सुपे एमआयडीसीत नवीन शेड पडत असतील तोवर त्याची चांदी, शेड थांबल्या की गल्ल्यावर बसून माश्या मारायच्या. गेममध्ये नव्या खेळाडूंची लाट आली की कन्स्ट्रक्टर जोरात असतो. फ्युएल इंजिनीअर म्हणजे पेट्रोल पंप. गिऱ्हाईक भरपूर, कारण इंधनाशिवाय जहाज हलत नाही. पण त्याला अमोनिया पाहिजे, हायड्रोजन पाहिजे, वर गॅलेराइट नावाचा दगडही पाहिजे. तिन्ही एका ठिकाणी सापडत नाहीत, मग दोन जहाजं नुसती हेलपाटे मारत बसतात. सवय झालेल्या माणसाला हा धंदा चांगला. पहिल्या दिवशी घेऊ नये. मॅन्युफॅक्चरर हा लघुउद्योजक, त्याच्याबद्दल मला ना प्रेम ना राग.

जरा थांबून बोलण्यासारखा धंदा आहे कार्बन फार्मरचा, कारण तो अस्सल नगरी आहे.

कार्बन फार्मर शेतात हायड्रोकार्बनवाल्या वनस्पती लावतो, त्या भट्टीत जाळतो आणि कार्बन विकतो. घेणारा कोण? मुख्यतः मेटलर्जिस्ट. धातू वितळवायला त्याला कार्बन लागतो. शेती सोपी, पीक एकच, डोक्याला ताप नाही. पण तुमचा माल कुणाच्या ताटात जात नाही, कुणाच्या टाकीत जात नाही. तो एकाच प्रकारच्या कारखान्याच्या दारात जाऊन उभा राहतो. ओळखलंत? ऊस!

प्रवरेकाठची गोष्ट आपण शाळेत इतक्या वेळा ऐकलीय की तिच्यातला धंद्याचा मुद्दा निसटून जातो. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पूर्ण झालं, कालव्याला पाणी आलं आणि कोरडवाहू रानात ऊस उभा राहिला. ऊसवाल्याचा मात्र नाइलाज. ऊस तोडला की तो काही कांद्यासारखा चाळीत ठेवता येत नाही. तासागणिक वजन घटतं, साखर उतरते. मग घरीच गूळ करा आणि व्यापारी सांगेल त्या भावाला घाला. शेतकरी कष्टाळू, जमीन चांगली, पाणी मुबलक, आणि तरी पैसा दुसऱ्याच्या खिशात. कारण गिऱ्हाईक मूठभर आणि घाई सगळी विकणाऱ्याला.

लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी यावर काय केलं? पीक बदललं नाही. गिऱ्हाईकच स्वतःच्या मालकीचं करून टाकलं! हजारो छोट्या शेतकऱ्यांचे शेअर गोळा करून, अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांना अध्यक्ष करून, १९५० साली प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. पुढे सहकाराचं काय झालं, कुणाचं राजकारण कुठे शिजलं, हा वेगळ्या कॉलमचा विषय, आणि तो लिहायला आमचे संपादक मला सांगणार नाहीत. पण मूळ चाल बघा. साखळीत तुमच्या पुढे जो उभा आहे त्याची जागा घ्यायची, आणि एकट्याला परवडत नसेल तर सगळ्यांनी मिळून घ्यायची.

गेममध्ये ही चाल जशीच्या तशी चालते. चार कार्बन फार्मर एकत्र आले, एकाने भट्टी टाकली, आपसात करार केले की कार्बनचा भाव पडो नाही तर चढो, माल घरातच जिरतो. खेळाडूंना मिळून कॉर्पोरेशन काढता येतं, खासगी करार करता येतात. आणि गंमत ऐका. गेममधल्या एका सत्तेचं नावच ‘इन्सिटर कोऑपरेटिव्ह’ आहे. तिच्या हद्दीत ‘हॉर्टस’ नावाची सूर्यमाला, तिथेच बाजार, आणि शेजारी ‘प्रोमिटॉर’ हा शेतीला चांगला ग्रह. हॉर्टस म्हणजे लॅटिनमध्ये बाग. जर्मन माणसानं बागाईत आणि सहकार एकाच ठिकाणी नेऊन ठेवलाय. कुणी श्रीरामपूर-राहात्याकडचा त्यांच्या ऑफिसात आहे का, एकदा तपासायला पाहिजे.

त्यावरून आठवलं, धंदा निवडण्याआधी ग्रह बघा. लोक उलटं करतात. आधी हौसेनं धंदा निवडतात, मग मिळेल त्या ग्रहावर तळ ठोकतात. गेममध्ये प्रत्येक ग्रहाची सुपीकता वेगळी असते आणि शेतीचं उत्पन्न तिच्यावर ठरतं. खडकाळ ‘मॉन्टेम’वर तुम्ही कितीही प्रेमानं शेत लावा, फुकट. हे म्हणजे अकोले आणि जामखेड एकाच जिल्ह्यात आहेत म्हणून दोन्हीकडे भात लावण्यासारखं झालं. अकोल्यात कळसूबाईच्या कुशीत पाऊस थांबता थांबत नाही आणि इकडे पारनेर, पाथर्डी, कर्जत, जामखेड ढगांकडे बघत बसतात. राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा आपला, तालुके १४, आणि ग्रहही जवळजवळ तेवढेच!

या बाबतीत पहिला नंबर हिवरे बाजारचा. पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले. पाऊस वर्षाला जेमतेम ४०० मिलिमीटरच्या आसपास. पण गावानं आधी पाणी मोजायला सुरुवात केली. पावसाळा संपला की ग्रामसभेत हिशोब मांडायचा, किती पडलं, किती मुरलं, पिण्याला किती, जनावरांना किती, आणि उरलेल्यात रब्बीला काय परवडतं. सिंचनासाठी बोअर घ्यायची नाही. ऊस नाही, केळी नाही. म्हणजे गावानं आधी ग्रह ओळखला आणि मग धंदा ठरवला. त्या गावातला कुठलाही शेतकरी प्रॉस्परस युनिव्हर्सचा पहिला महिना आपल्यापेक्षा चांगला काढेल, लिहून घ्या.

बाजारभाव बघण्याचीही एक तऱ्हा आहे. नवखा माणूस स्क्रीनवरचा भाव बघतो, अमुक माल ९० ला जातोय, तमुक ३० ला. चला, ९० वाला बनवू! घोडेगावच्या किंवा नेप्तीच्या कांदा मार्केटला सकाळी जाऊन आलेला माणूस असं करत नाही. पेपरात छापून येतो तो ‘सर्वाधिक भाव’ पाच-दहा गोण्यांना मिळालेला असतो, ढीग वेगळ्याच भावानं जातो. गेममध्ये प्रत्येक मालाची खरेदी-विक्रीची यादी उघडी असते. कोण किती भावाला किती नग घ्यायला उभा आहे ते दिसतं. भाव ९० असेल आणि खरेदीदार एकच, तोही वीस नगांचा, तर तुमचा दुसरा ट्रक कोण घेणार? म्हणून धंदा ठरवण्याआधी दोन-तीन दिवस नुसती ही यादी बघत बसा. कंटाळवाणं आहे, मान्य. पण ऑफर लेटरवर सही करण्याआधी त्या कंपनीतल्या मित्राला चार प्रश्न विचारतोच की आपण.

काही ठरावीक मालाला गेमचा ‘मार्केट मेकर’ कायम एका भावानं घेत असतो. हा झाला हमीभाव. तोही कमीच असतो आणि त्याच्यावर घर चालवायचं नसतं, यातही नवीन काही नाही! ग्रहांवर गव्हर्नर निवडून येतात, स्थानिक फी ठरवतात, त्यावरून भांडणंही होतात. पण एक बरं आहे, सकाळी उठून बघावं तर निर्यातच बंद, असा प्रकार तिथे नाही. इथे ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागलं, डिसेंबरमध्ये निर्यातच बंद झाली, ती उघडली मे २०२४ मध्ये, आणि उरलंसुरलं शुल्क जायला १ एप्रिल २०२५ उजाडलं. चाळीत कांदा भरून बसलेल्या माणसानं तेवढ्या काळात कोणता ‘रोल’ खेळायचा होता?

अंतराळातल्या व्यापाराचे गेम पहिल्यापासून असे नव्हते. १९८४ च्या ‘एलिट’मध्ये तुम्हाला धंदा कुणी विचारत नसे. एक जहाज आणि १०० क्रेडिट हातात देऊन सोडून द्यायचे. शेतीवाल्या ग्रहावरून धान्य उचला, कारखानदार ग्रहावर विका, परत येताना यंत्रं आणा. निव्वळ फिरता व्यापारी. २००३ मध्ये आइसलंडहून ‘ईव्ह ऑनलाइन’ आला आणि हजारो खेळाडूंचा एकच बाजार झाला. त्याचा पसारा एवढा वाढला की २००७ मध्ये कंपनीनं एयोल्फुर गुडमुंडसन नावाचा खराखुरा अर्थतज्ज्ञ नोकरीला ठेवला. तेच पुढे आइसलंडच्या आकुरेरी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. तेव्हा आईनं ‘काय गेम खेळत बसतोस’ म्हटलं तर हे उदाहरण तोंडपाठ ठेवा.

आता शेवटचा प्रश्न, जो सगळ्यांना पडतो. चुकीचा धंदा निवडला तर?

गेममध्ये उत्तर सोपं आहे. कंपनी अवसायनात काढायची. बटण दाबलं की जुनं खातं पुसलं जातं, नवा धंदा, नवं पॅकेज, नवा ग्रह. कर्जदार दारात येत नाही, भावकी हसत नाही. म्हणूनच माझं मत असं, की पहिला धंदा निवडताना फार जीव जाळू नका. गिऱ्हाईक किती आहेत आणि किती वेळा येतात एवढंच बघा, आणि नाहीच जमलं तर महिन्याभरात मोकळे व्हा. बुडत्या भट्टीला सहा महिने कवटाळून बसणारे ‘मेटलर्जिस्ट’ गेममध्येही असतात आणि खराडीच्या आयटी पार्कातही.

पण हे बटण किती महागडी चीज आहे हे कळायला पाथर्डीच्या बाजूला जावं लागतं. तिथे दिवाळीच्या आसपास गावंच्या गावं रिकामी होतात. ऊसतोडीला निघालेल्या नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. माणसं दोन आणि मोजणी एका कोयत्याची. मुकादमाकडून हंगामाआधी उचल घ्यायची, ती सहा महिने तोडून फेडायची, फिटली नाही तर पुढच्या वर्षी तोच फड आणि तोच मुकादम. पॅकेज सुरुवातीलाच हातात मिळतं, गेमसारखंच. गिऱ्हाईक एकच. ग्रह कोरडा, तो कुणी निवडलेला नाही. पहिला स्क्रीन असा येतच नाही, यादीही समोर येत नाही. पोरगं शाळेत राहिलं, आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात टिकलं, दहावी-बारावी करून पुण्याला आलं, तर तेव्हा कुठे त्याला ‘बोला, धंदा कोणता करणार’ हा प्रश्न पहिल्यांदा विचारला जातो. आपल्या ऑफिसात अशी दोन-चार पोरं-पोरी असतात. कँटीनमध्ये त्या विषयावर बोलत नाहीत, पण महिन्याच्या एक तारखेला घरी पैसे आधी पाठवतात आणि मग भाडं भरतात. नोकरी निवडताना ‘रोल एक्सायटिंग आहे का’ असं न विचारता ‘पगार वेळेवर होतो का’ असं विचारतात. त्यांना हसू नका. त्यांना बर्न कळतो.

तर या वीकेंडला खेळून बघणार असाल तर व्हिक्चुअलर घ्या, प्रोमिटॉरवर तळ टाका. पहिले आठ दिवस काही विकण्याआधी स्वतःच्या कामगारांचा दोन आठवड्यांचा शिधा बाजूला काढून ठेवा, आणि एक जहाज कायम इंधन भरून उभं राहू द्या. दुसऱ्या महिन्यात हातात चार पैसे आले आणि पेट्रोल पंप टाकावासा वाटला तर टाका खुशाल. तोवर घरच्यांना सांगताना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा. ‘फूड अँड बेव्हरेजेस, इंटरप्लॅनेटरी’ असं सांगितलं तर बहुधा चालून जाईल.